जर्मनीत नंबर लागला, बँक शेती तारण घेत नाही. दोन एकर विकावं का?

केळीवाली_रावेर
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली. जळगावला मेकॅनिकल केलं, आता जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात मास्टर्सला नंबर लागलाय. फी नाही, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (तिथल्या राहण्याच्या खर्चाचं, आपल्याच नावाचं गोठवलेलं खातं) ११,९०४ युरो एकदम भरायचे. युरो शंभरचा धरला तरी बारा लाख.

बँकेत गेलो तर साहेबांनी सातबारा उघडूनही पाहिला नाही. "शेती चालत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट आणा." पाच एकर बागायत, त्यात केळी उभी, आणि आमची पत शून्य! गावातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ सोडून कागद नाही. खासगी फायनान्सवाले विनातारण द्यायला तयार आहेत, पण व्याज ऐकून बापूंनी तिथूनच हात जोडले. आता ते दोन एकर विकायला निघालेत, गिऱ्हाईकही येऊन गेलं. आजी कुणाशी बोलत नाही. काय करावं?

निवृत्त_बँकवाला_भुसावळ
बेटा, आधी गिऱ्हाईकाला थांबव. इसार घेतला नसेल अशी आशा करतो.

साहेब खोटं बोलले नाहीत. कर्ज थकलं की बँक ज्या सरफेसी कायद्याने तारण विकते, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून तिला तुमच्या केळीपेक्षा जळगावातला कुणाचा तरी रिकामा प्लॉट बरा वाटतो. पण त्यांनी अर्धंच सांगितलं. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज केंद्राच्या हमी योजनेत बसतं, त्याला तारण लागत नाही. बापू सहकर्जदार. परदेशासाठी चार लाखांवरच्या कर्जात १५ टक्के आपले घालावे लागतात. वरचे साडेचार लाख तुम्ही उभे केले की तो प्रश्नही मिटला. उभ्या बागेतून तेवढे निघतात की नाही, ते बापूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

खरी अडचण उत्पन्नाच्या कागदाची येईल. शेतीला आयकर नाही म्हणून आपली माणसं रिटर्न भरत नाहीत, आणि बँक पहिल्यांदा तेच मागते. बापूंचं रिटर्न भरून टाका. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असल्यामुळे आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ भरा. सोबत तहसीलदारांचा दाखला आणि फ्रूटसेल सोसायटीच्या किंवा व्यापाऱ्याच्या माल विकल्याच्या पट्ट्या. रोखीत माल दिला असेल तर पट्ट्या मागून घ्या, कुरकुर करतील, पण देतील.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून कर, म्हणजे नाही म्हणायचं तर लेखी म्हणावं लागेल. तोंडी 'नाही' शाखेत फार स्वस्त असतं.

अमळनेरकर_ड्रेस्डेन
काकांशी सहमत. बापूंना एवढं नक्की सांग, की ते बारा लाख विद्यापीठाला जात नाहीत. पैसे तुझ्याच नावावर राहतात, इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. घरभाडं आणि आरोग्य विमा त्यातूनच, ऐश नाही.

दुसऱ्या वर्षाचं मात्र कुणी सांगत नाही. राहण्याचा परवाना वाढवताना पैसे पुन्हा दाखवावे लागतात. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण जर्मन येत नसेल तर गोदामात खोके उचलण्यापलीकडे लवकर काही मिळत नाही. विद्यापीठातलं 'हिवी'चं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं, काम मिळालं तर सोनं. आत्तापासून जर्मन कर, अगदी भांडता येईल इतकं.

कोणतं राज्य तेही बघ. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी सुरू केली. एपीएस प्रमाणपत्र (आपल्या पदवीच्या कागदांची जर्मन पडताळणी) काढलंस ना? त्याचे १८,००० रुपये वेगळे.

धुळ्याना_भो
वावर इकानं नही. बस.

केळीवाली_रावेर
@अमळनेरकर, एपीएस झालंय, राज्य सॅक्सनी. जर्मन ए-२.
@काका, इसार नाही घेतला, देवाची कृपा. दोन शंका. शाखेत 'ब्लॉक्ड अकाउंट' म्हटलं की शेअर बाजाराचं काही असल्यासारखं बघतात. आणि परदेशी पैसे पाठवले की टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापतात, असं पुण्याचा एजंट म्हणाला.

निवृत्त_बँकवाला_भुसावळ
दूतावासाच्या संकेतस्थळावरचं पान छापून ने, आणि मंजुरीपत्रात 'राहण्याचा खर्च' असं स्पष्ट लिहून घे. टीसीएसचं म्हणशील, तर बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशाला १ एप्रिल २०२५ पासून तो नाही. घरचे साडेचार लाख दहा लाखांच्या आतच आहेत, तिथेही नाही. एजंटने त्याच्या नावाखाली काही मागितलं तर देऊ नका.

बापूंना फोन करायला सांग, नंबर मेसेजमध्ये पाठवतो. रविवारी दुपारी नको, झोपतो.