मदत हवी आहे: लो केलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ वर साडेआठ इंच रुंद अलॉय चाकं, मडगार्ड न कापता बसतील का?

नमस्कार मंडळी,

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, २०२० सालची, भारतात आलेल्या दोनशे गाड्यांपैकी एक. मी फोंड्याचा. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच तिला ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा होत्या, शॉकअब (शॉकअॅब्सॉर्बर) मात्र कंपनीचेच आहेत. बसते छान, वळणावर तर विचारूच नका. चाकं अजून कंपनीची आहेत: १८ इंच, ७.५ जे (रिमची रुंदी, इंचांत), ईटी ५१ (ऑफसेट, म्हणजे चाक गाडीला टेकतं ते पृष्ठ रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे), टायर २२५/४० आर १८ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). टायर आता संपत आलेत, म्हणून चाकांचा विषय डोक्यात आला.

पर्वरीच्या एका मित्राच्या ओळखीने अलॉयचा वापरलेला सेट मिळतोय. १८ x ८.५ जे, ईटी ४५, बोल्टांचं माप ५ x ११२ म्हणजे आपलंच, पण मधलं भोक ६६.६ मिमी. आपल्या गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) ५७.१ आहे, तेव्हा मध्ये रिंग घालावी लागेल. त्यावर २३५/४० आर १८ घालायचा विचार आहे.

मी केलेला हिशेब लिहितो, चुकत असेल तर सांगा. आताच्या रिमची बाहेरची कड हबच्या बसण्याच्या पृष्ठापासून ४४.३ मिमी बाहेर आहे (साडेसात इंचाचे अर्धे ९५.३, वजा ५१). नवीन रिमची येते ६३ मिमी (१०८ वजा ४५). म्हणजे रिमची कड जवळजवळ १९ मिमी बाहेर जाणार आणि आतल्या बाजूला सुमारे ७ मिमी शॉकअबकडे सरकणार. टायरचा व्यास ६३७ वरून ६४५ मिमी होतो, सव्वा टक्का वाढ. स्पीडोमीटरला एवढी चालते, पण टायरचा माथा मडगार्डला ४ मिमी जवळ येतो, आणि आधीच ३० मिमी खाली बसलेल्या गाडीत ४ मिमी म्हणजे खूप झाले.

मग २४५/३५ का नाही, असं कोणी विचारेल. त्याचा व्यास कमी भरतो, पण टायरची भिंत ८६ मिमीच उरते. २३५/४० ची ९४ आहे. आपले रस्ते पाहता मला भिंत हवीच. पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्याची कड एकदा बसली की रिम वाकायला आणि टायरला फुगा यायला वेळ लागत नाही. रुंदीही याहून नको. गोव्यात वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि हलक्या गाडीखाली टायर जितका रुंद तितका तो साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.

बांधकामातला ओळंबा मागून आणला, मडगार्डच्या वरच्या कडेवरून सोडला आणि टायरच्या वरच्या फुगवट्यापासूनचं अंतर मोजलं. गाडी सपाट फरशीवर, टाकी भरलेली, आत कोणी नाही. पुढे १७ मिमी, मागे २३. अलाइनमेंटच्या कागदावर कॅम्बर (चाकाच्या उभ्या कलाचा कोन, उणे म्हणजे माथा आत झुकलेला) पुढे उणे १.२ अंश आणि मागे उणे १.९. म्हणजे माझ्या हिशेबाने पुढचं चाक २ मिमी बाहेर येतं. इथेच अडलंय.

मडगावच्या एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘ऑफसेट बघू नका, घासलं तर मडगार्ड आतून ठोकून देतो.’ मला ते नको आहे. आपल्या हवेत एकदा रंग तडकला की कडेला गंज धरलाच म्हणून समजा, आणि ही गाडी मला बरीच वर्षं ठेवायची आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही गाडी रविवारी फिरवून शेडमध्ये ठेवायची नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही पाच जण वाळपईजवळच्या मूळ घरी जातो. डिकीत माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या छताचं) सामान, फराळाचे डबे, आई मागे मधोमध बसलेली, आणि गावात शिरताना पाठोपाठ गतिरोधक. रिकाम्या गाडीत न घासणारं चाक तिथे घासलं तर त्या सेटचा मला काही उपयोग नाही.

तेव्हा लो केलेल्या ऑक्टाव्हियावर किंवा गोल्फवर कोणी साडेआठ जे ईटी ४५ वापरलंय का, भरलेल्या गाडीत? की गुपचूप ८ जे ईटी ४५ शोधावं? मित्राचा मित्र या आठवड्याच्या शेवटापर्यंत सेट राखून ठेवतोय.

*

प्रतिसाद, म्हापशाहून

भाऊ, ओळंब्याने मोजलंत ते उत्तम केलंत. बहुतेक जण फोटो टाकून ‘बसेल का’ विचारतात.

तुमच्या हिशेबात एक भर घाला. तुम्ही कड मोजलीत रिमची, पण मडगार्डला लागतो तो टायर. २२५ चा टायर ७.५ जे वर साधारण २२५ मिमीच रुंद बसतो. २३५/४० हा ८.५ जे वर साधारण २४१ भरतो. आता ऑफसेट धरून पाहा: टायरची भिंत बाहेर जाते ती १४ मिमी, १९ नव्हे. आणि आत जाते २ मिमी, ७ नव्हे. कारण आज तुमचा टायर रिमच्या कडेबाहेर फुगलेला आहे, नवीन रिमवर तो सरळ उभा राहील. म्हणजे पुढे १७ तले ३ मिमी उरतात, मागे ९. कंपनीप्रमाणे काही मिमीचा फरक असतोच, काही कंपन्यांचा २३५ दुसऱ्यांच्या २४५ एवढा दिसतो, तेव्हा टायर घेताना त्याची प्रत्यक्ष रुंदी विचारून घ्या. चाकाचा खालचा भाग थोडा बाहेर दिसेल, तो कॅम्बरमुळे.

८ जे ईटी ४५ वर हाच टायर घातलात तर भिंत साडेअकरा मिमी बाहेर येते आणि आत तर आहे तिथेच राहते. फरक अडीच मिमीचा. तो पुढच्या चाकाला उपयोगी पडेल, पण त्यासाठी हातातला चांगला सेट सोडावा असं मला वाटत नाही. मी असतो तर साडेआठच घेतली असती, वर २२५/४०. तो टायर ९ जे पर्यंतच्या रिमला चालतो, व्यास आहे तोच राहतो, ते ४ मिमी वाचतात. मात्र भिंत ९० मिमीची, आणि रिमची कड थोडी उघडी पडते. खड्ड्यांची भीती असेल तर तुमचा २३५ च बरोबर.

घेण्याआधी खात्री करायची असेल तर १५ मिमीचे स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये घालायच्या चकत्या) आणा आणि आताच्याच चाकांवर लावा. बाहेरची जागा जवळजवळ नवीन चाकाचीच होईल. बोल्ट तेवढेच जास्त लांब हवेत, एम १४ x १.५, किमान सात आटे आत गेले पाहिजेत. मागे तीन माणसं बसवा, डिकी भरा, आणि पुढचं एक चाक जाड फळीवर चढवून स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. त्याआधी मडगार्डच्या आतल्या कडेला ओली चिकणमाती लावून ठेवा. चित्रशाळेत मूर्तीची उरलेली माती मागितली तर कोणी नाही म्हणणार नाही. टायर लागला तर मातीवर चरा उठतो, आणि किती खोल उठला तेही दिसतं. चरा पत्र्यापासून ४ मिमीपेक्षा दूर राहिला तर २३५ बिनधास्त घाला.

जास्त करून टायर लागतो तो पत्र्याला नाही, पुढच्या बंपरजवळ लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) धरणाऱ्या स्क्रूला. तेवढ्याने मडगार्ड ठोकायची गरज नसते.

बोल्टांची गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. आपल्या कंपनीच्या बोल्टांची बैठक गोल असते, बाहेरच्या बहुतेक अलॉयची ६० अंशांची शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूच्या भोकात आवळला जातो, घट्टही वाटतो, पण टेकतो एका बारीक रेषेवर आणि चालता चालता सैल होतो. विकणाऱ्याकडून त्या सेटचे बोल्ट मागाच. रिंग अॅल्युमिनियमची घ्या. समुद्राच्या हवेने ती हबला चिकटते, म्हणून हबच्या तोंडावर कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, आट्यांना नको. १२० न्यूटन मीटरने टॉर्क रेंचनेच आवळा, आणि पन्नासएक किलोमीटरने पुन्हा तपासा.

सेट वापरलेला आहे तर टायर उतरवून रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघा. आतली कड नीट पाहा, वेल्डिंगची खूण असेल तर सोडून द्या. मागे कोरलेला भार ६९० किलोच्या खाली नको.

*

मूळ लेखक

दादा, मनापासून आभार. टायरच्या भिंतीचा मुद्दा दुकानात कोणीच सांगितला नव्हता. स्पेसर मिळवतो, मातीसाठी आमच्या शेजारीच चित्रशाळा आहे. एकच विचारतो, आरटीओ आणि विम्याचं काय?

*

प्रतिसाद, म्हापशाहून

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालवून घेत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड होऊ शकतो, सहा महिने कैदही. चाक मडगार्डबाहेर आलेलं लांबूनही दिसतं, तेव्हा ते ३ मिमी आतच ठेवा. विमा कंपनीला मात्र चाकं आणि स्प्रिंगा दोन्ही लेखी कळवा, पॉलिसीवर नोंद करून घ्या. कंपनीची चाकं विकू नका. पासिंगला तीच लागतील.