मदत हवी आहे: रॅमाँ सेक्टरमध्ये 8 ऐवजी 32 फर्मिऑन का येतात?

अडकलेला_धागा: स्ट्रिंग सिद्धांतात आरएनएस (रॅमाँ-नेव्हू-श्वार्त्झ) पद्धतीने सुपरस्ट्रिंगच्या अवस्थांची मोजणी करतो आहे. तीत अवस्थांचे दोन गट, म्हणजे सेक्टर, पडतात: नेव्हू-श्वार्त्झमध्ये बोसॉन, रॅमाँमध्ये फर्मिऑन. नेव्हू-श्वार्त्झ सेक्टरमधून टॅकिऑन (वस्तुमानाचा वर्ग ऋण असलेली अवस्था) वगळला की वस्तुमानरहित अशा 8 बोसॉन अवस्था मिळतात. रॅमाँ सेक्टरच्या तळाशी मात्र 32 येतात. सुपरसिमेट्री (बोसॉन आणि फर्मिऑन यांची जोडी लावणारी सममिती) असेल तर आकडे जुळायलाच हवेत. गुरुवारी सेमिनार आहे, तेव्हा कृपया पुस्तकांची नावे सुचवू नयेत.

शून्यमोड: स्ट्रिंग ओपन की क्लोज्ड? गेज (जादा चले काढून टाकण्याची निवड) कोणता? आणि टॅकिऑन ‘वगळला’ तो कोणत्या नियमाने?

दशमिती: मुळात आरएनएसच्या वाटेला जावेच कशाला? ग्रीन-श्वार्त्झ या दुसऱ्या पद्धतीत अवकाशकालाची सुपरसिमेट्री पहिल्या ओळीपासून समोर असते. मी विद्यार्थ्यांना तीच शिकवतो.

शून्यमोड: अहो, सेमिनार त्यांचा आहे. शिवाय लाइट-कोन गेजबाहेर (त्या गेजमध्ये फक्त आठ आडव्या दिशा उरतात) ती पद्धत क्वांटाइझ करताना किती छळते, हे आपणही जाणता.

प्रयोगवादी: लार्ज हेड्रॉन कोलायडरवर आजवर एकही सुपरपार्टनर (सुपरसिमेट्रीने सांगितलेला जोडीदार कण) सापडलेला नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

अडकलेला_धागा: ओपन, अर्थातच. दहाही मिती ठेवल्या आहेत. टॅकिऑन नकोच होता, म्हणून खोडला.

शून्यमोड: गफलत तिथेच आहे. रॅमाँ सेक्टरचे दहा शून्य-मोड (ऊर्जा न वाढवणारे मोड) डिरॅकच्या गॅमा मॅट्रिक्ससारखे वागतात, म्हणून 2 चा पाचवा घात, म्हणजे 32. डिरॅक समीकरण लावले की त्यांतले निम्मे, 16 उरतात. टॅकिऑन हाताने खोडून भागत नाही. ग्लिओझी, शेर्क आणि ऑलिव्ह यांनी 1976 मध्ये सुचवलेले जीएसओ प्रक्षेपण (ठरावीक अवस्थाच ठेवणारी गाळणी) दोन्ही सेक्टरांना लावावे लागते, आणि रॅमाँ सेक्टरच्या तळाशी ते एकच कायरॅलिटी (डावी-उजवी यांपैकी एक बाजू) ठेवते. उरतात 8. पुढची पातळी लाइट-कोन गेजमध्ये मोजून पाहा, 128 ला 128 यायला हवेत. सगळ्याच पातळ्यांवरची जुळणी याकोबीने 1829 मध्येच छापलेल्या नित्यसमीकरणातून निघते.

दशमिती: म्हणजे स्ट्रिंग सिद्धांतात फर्मिऑन 1971 मध्ये आले आणि ही सुपरसिमेट्री दिसायला पाच वर्षे लागली. माझा मुद्दा हाच होता.

अडकलेला_धागा: 8 मिळाले, आभार. पुढच्या पातळीवर बोसॉन 8, 56 आणि 64 मिळून 128 होतात, फर्मिऑन मात्र 64 वरच थांबतात. बोसॉन ऑसिलेटर (स्ट्रिंगचे कंपन वाढवून वरच्या पातळीवर नेणारा) आठही अवस्थांवर लावला आहे.

शून्यमोड: फर्मिऑन ऑसिलेटर राहिला. तो एकदा लावला की प्रक्षेपणाचे चिन्ह उलटते, त्यामुळे तो तळाशी गाळलेल्या विरुद्ध कायरॅलिटीच्या 8 अवस्थांवर लावावा. उरलेले 64 तिथे आहेत.