हनिता किबुत्झचं मॉडेल: प्रमाण आणि भिंत कशी घ्यावी?

वर्धारोडकर: नागपुरात शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी इस्रायलमधल्या, लेबनॉन सीमेवरच्या हनिता किबुत्झची (ज्यूंची सामूहिक शेतीची वस्ती) स्थापना (१९३८) दाखवायची आहे. बोर्ड ९० सेमी चौरस. घरं, शेतं आणि मागे निळी रेषा (आजची इस्रायल-लेबनॉन सीमारेषा) असा आराखडा आहे. प्रमाण काय धरू? भिंतीला मातीचा लेप चालेल?

सेंट्रिंगवाला: लेप नको, ती भिंत मातीची नव्हतीच. लाकडी फळ्यांचे दोन पदर उभे करून मधे खडी भरायचे, आपल्याकडच्या सेंट्रिंगसारखं. खडी गोळी अडवते आणि काँक्रीटसारखी सुकायची वाट पाहावी लागत नाही. हल्ल्याच्या भीतीने एका दिवसात वस्ती उभी करायची तर दुसरा इलाजच नव्हता. या पद्धतीची पहिली वस्ती तेल अमल, १० डिसेंबर १९३६. १९३९ पर्यंत अशा पन्नासहून जास्त झाल्या.

ठरलेला नमुना असा: ३५ × ३५ मीटरचं आवार, चाळीस माणसांसाठी चार बराकी, सर्चलाइटचा लाकडी मनोरा, बाहेर काटेरी तार. १:५० धरलं की आवार ७० सेमीचं होतं आणि तारेला चारी बाजूंनी १० सेमी उरतात. माणूस ३.४ सेमीचा. शेतं विसरा, पहिल्या दिवशी तो किल्लाच होता.

भिंतीसाठी माउंटबोर्डाच्या दोन पट्ट्या घ्या, मधे दर ५ सेमीवर लाकडी ठोकळा चिकटवा. ठोकळे विरळ ठेवले तर रेती भरताच पट्टी पोट काढते. कन्हानची रेती चाळून साधारण १ मिमीचा दाणा घ्या, या प्रमाणात तो ५ सेमीची खडी दिसतो. रेती कोरडीच भरा, पातळ फेविकॉल फक्त वरच्या थरावर सोडा. आतपर्यंत मुरला तर बोर्ड वाकतो, आणि कूलरच्या हवेत ठेवला तर वाकणारच! तारेसाठी मोटार वाइंडिंगवाल्याकडची बारीक तांब्याची तार आणा.

नकाशेवाले_महाल: निळी रेषा काढून टाका. ती २००० सालची, संयुक्त राष्ट्रांनी इस्रायली माघार तपासायला आखलेली. १९३८ मध्ये तिथे ब्रिटिश पॅलेस्टाइन आणि फ्रेंच लेबनॉन यांच्यातली १९२३ ची सीमा होती. त्याच वर्षी ब्रिटिशांनी उत्तर सीमेवर काटेरी कुंपण घातलं, तेही सर चार्ल्स टेगार्टच्या सल्ल्याने. कलकत्त्याचा पोलीस कमिशनर तो हाच, ज्याच्यावर १९२४ मध्ये गोपीनाथ साहांनी नेम धरला आणि दुसराच इंग्रज मेला. मुलांना हा धागा नक्की सांगा.

आणि पाटीवर 'ओसाड जमीन' लिहू नका. ब्रिटिश राजवट आणि ज्यू वसाहतींविरुद्धचा १९३६-३९ चा अरब उठाव चालू होता. ज्यू संस्था जमिनी विकत घेत होत्या, पण विकणारे बरेचदा दूर शहरात राहणारे जमीनदार आणि कसणारी कुळं वेगळी. कुळांची शेती गेली, हा त्या उठावामागच्या रागाचा मोठा भाग होता. दोन ओळी त्यालाही द्या.

वर्धारोडकर: म्हणजे पूर्ण झालेली भिंत दाखवू? तारीख २१ मार्च टाकणार आहे.

सेंट्रिंगवाला: मग अपुरी दाखवा. त्या दिवशी सुमारे चारशे माणसं कामाला होती, तरी संध्याकाळपर्यंत बंदोबस्त पुरा झाला नाही आणि पहिल्याच रात्री हल्ला झाला. ही जागाही तात्पुरती, खालच्या अंगाची. काही आठवड्यांनी वस्ती वर डोंगरावर गेली. तेव्हा थर्माकोलचे थर लावून मागची बाजू चढती ठेवा, एका बाजूला भिंतीचा तुकडा उघडा सोडा. पोरांना मधली रेतीही दिसेल.