मदत हवी आहे: बदाम-जॅमच्या टार्टचा तळ कच्चाच राहतो

नमस्कार मंडळी! इंग्लंडमधल्या डर्बीशायरचे बेकवेल टार्ट (मैद्याची खुसखुशीत पारी, त्यात रास्पबेरी जॅम, वर फ्रॅन्जिपेन म्हणजे बदामाचं सारण) दोनदा करून पाहिले. बेकवेल पुडिंग वेगळं, त्याला पफ पेस्ट्री लागते. मला टार्टच हवेत.

पारीला 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम गार बटर, थोडी पिठीसाखर, दोन-तीन चमचे गार पाणी. सारणात बटर, साखर, बदामपूड प्रत्येकी 100 ग्रॅम, 2 अंडी, चमचाभर मैदा. 12 कपांच्या मफिन ट्रेमध्ये, ओटीजीत 180 अंशांवर 25 मिनिटं.

वरून रंग असा सुरेख की आधी फोटोच काढला. सुरीने सोडवायला गेले तर जॅम कडेने उतू जाऊन ट्रेला चिक्कीसारखा चिकटलेला आणि तळ पांढराफटक, लिबलिबीत. सासूबाईंनी वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला आणि म्हणाल्या, "शिरा छान झालाय."

एवढ्याशा टार्टनाही पारी आधी नुसती भाजून घ्यावी लागते का? मोठ्या टार्टची पारी फुगू नये म्हणून मी त्यात वजनाला कच्चा राजमा भरून भाजते, पण 12 वाट्यांत तो खटाटोप जिवावर येतो. सुरुवातीची दहा मिनिटं फक्त खालचा रॉड लावला तर भागेल? जॅम एकेक चमचा घातला होता, अर्धा पुरे का? की आधी आटवून घेऊ?

बदाम घरीच सोलून दळते, थोडं तेल सुटतं. त्यामुळे तर नसेल ना? रविवारी भाचीचा वाढदिवस आहे, त्याआधी सांगा प्लीज.