काच धुरकटली आणि बोट भलतीकडेच! गाडीत बटणं हवीत की स्क्रीन पुरे?

धुकंदिवा

परवाची गोष्ट. रात्रीची वेळ, बाहेर पाऊस, गाडीत आम्ही चौघं आणि चौघांचेही कपडे ओले. गाडी घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. निघाल्यावर पाच मिनिटांत समोरची काच आतून धुरकटली. जुन्या गाडीत असं झालं की हात आपोआप खाली जायचा. तीन गोल नॉब, त्यातला टोकाचा पूर्ण फिरवला की हवा थेट काचेवर. त्या नॉबच्या कडेला एक बारीक उंचवटा होता. अंगठ्याला तो लागला की नॉब कुठवर फिरलाय ते न बघता कळायचं. बारा वर्षं गाडी चालवली, पण त्या नॉबकडे मुद्दाम बघितल्याचं आठवत नाही.

नव्या गाडीत स्क्रीनवर नकाशा होता. खालच्या पंख्याच्या चित्रावर टॅप केलं, नवं पान उघडलं, त्यात काचेचं एवढंसं चित्र शोधलं. तेवढ्यात चाक खड्ड्यात आपटलं आणि बोट शेजारच्या चौकोनावर पडलं. ब्लोअरच बंद! परत पहिल्यापासून. मान वर केली तेव्हा पुढच्या ट्रकचे लाल दिवे अगदी अंगावर आले होते. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. पण मागे बसलेली आई घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. गाडी चालू असताना ज्या गोष्टीला हात लावावा लागतो, ती न बघता सापडलीच पाहिजे. गाणी, नकाशा, गाडीच्या बारीकसारीक सेटिंग्ज खुशाल स्क्रीनवर टाका. वायपर, काचेवरची हवा, आवाज, तापमान आणि चारही इंडिकेटर एकदम लावायचा खटका मात्र हाताला लागू द्या.

स्वीडनच्या 'वी बीलएगारे' या गाड्यांवरच्या नियतकालिकाने २०२२ मध्ये यावर चाचणी घेतली होती. ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवत ठरावीक चार कामं करायची आणि वेळ मोजायचा. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वो व्ही७० मध्ये चारही कामं दहा सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आर मध्ये ४४.९ सेकंद लागले. म्हणजे १३७२ मीटर, जवळजवळ दीड किलोमीटर.

तुमचे अनुभव सांगा. विरोधी मत असेल तर तेही मोकळेपणाने मांडा, मला खरंच ऐकायचंय.

पाचवागिअर

भाऊ, आधी सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

एक तर बारा वर्षांच्या सवयीची तुलना तुम्ही तीन आठवड्यांशी करताय. तो नॉबसुद्धा पहिल्या महिन्यात तुम्ही बघूनच फिरवला असणार.

दुसरं, त्या चाचणीचा अर्धाच भाग तुम्ही सांगितलात. त्याच चाचणीत व्होल्वो सी४० ला १३.७ सेकंद लागले आणि डॅशिया सॅन्डेरोला १३.५. दोन्हींत टचस्क्रीन आहे. म्हणजे नीट मांडलेली स्क्रीन जुन्या बटणांच्या तीन-चार सेकंदच मागे आहे. शिवाय ती चार कामं कोणती होती? ट्रिप मीटर शून्यावर आणणं आणि मीटरचा उजेड कमी करून मधली स्क्रीन बंद करणं यातलीच. ताशी ११० ला ट्रिप मीटर कोण शून्य करतं? ते सिग्नलला थांबल्यावर करायचं काम.

आणि महत्त्वाचं म्हणजे, एसी ऑटोवर ठेवला असतात तर बऱ्याच गाड्या काच धुरकटायच्या आतच हवा तिकडे वळवतात. काचेजवळ आर्द्रतेचा सेन्सर असतो. चांगलं बटण म्हणजे जे दाबावंच लागत नाही ते, असं माझं मत आहे.

धुकंदिवा

पाचवागिअर, सी४० आणि सॅन्डेरोचा मुद्दा मान्य. ते मी लिहायला हवं होतं. ऑटोचंही बरोबर आहे, पण माझ्या गाडीत तो सेन्सर नाही. सगळ्यांच्या गाडीत तो असतोच असं धरून डॅशबोर्ड बनवू नये.

सवयीचं मात्र पटत नाही. सवय हाताला लागते ती जागा ठरलेली असते म्हणून. मागच्या आठवड्यात गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि पंख्याचं चित्र खालच्या ओळीतून बाजूच्या ओळीत गेलं. तीन आठवड्यांत हाताने जे काही शिकलं होतं ते एका रात्रीत पुसलं गेलं. नॉब कधी रात्रीतून जागा बदलत नाही.

तेलकाट

मी गॅरेजवाला, त्यामुळे दुरुस्तीच्या बाजूने लिहितो.

बटण बिघडलं की एक बटण बिघडतं. स्क्रीन गेली की तिच्यासोबत सगळंच जातं. गेल्या उन्हाळ्यात एक गाडी आली होती, भर उन्हात उभी राहून स्क्रीन काळी पडलेली. ब्लोअर फुल स्पीडला अडकला होता आणि तो कमी करायला दुसरा कुठलाच मार्ग नाही. गाडीमालक दोन तास तसाच गार वाऱ्यात बसून आला, कान दुखत होते बिचाऱ्याचे. पूर्ण युनिट बदलावं लागलं.

जुना स्विच खराब झाला की मी काय करतो? चार क्लिपा काढायच्या, आतला पितळी संपर्क बघायचा, काळा झाला असेल तर साफ करायचा, परत बसवायचा. अर्ध्या तासात गाडी बाहेर. माझ्या टेबलावर वीस-वीस वर्षं जुन्या गाड्यांचे खटके पडलेत, दाबलं की अजून 'टक्' वाजतात.

वायरमन

तेलकाट मामांचा अनुभव मोठा आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. मी स्विच पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षं काढली.

आजच्या गाडीत नॉब फिरवला तरी तो थेट ब्लोअरला जोडलेला नसतो. नॉब फक्त निरोप पाठवतो, लिन किंवा कॅन बसवरून (गाडीतल्या कंट्रोल युनिटांमध्ये निरोप नेणाऱ्या तारांवरून), आणि पंख्याचा वेग पलीकडचं कंट्रोल युनिट ठरवतं. ते युनिट झोपलं तर नॉब कितीही फिरवा, काही होणार नाही. तेव्हा बटण म्हणजे साधं आणि स्क्रीन म्हणजे गुंतागुंतीचं, हे आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही.

बटणं का गेली तेही सांगतो. एका बटणामागे साचा असतो, वरचं चिन्ह असतं, त्यामागचा दिवा, कनेक्टर, आणि लाखभर वेळा दाबून बघायची चाचणी. दिव्याचा रंग शेजारच्या बटणाशी जुळला नाही म्हणून आम्ही पेट्याच्या पेट्या परत घेतल्यात. गाडीचं एखादं फीचर वाढलं की पॅनल नव्याने करायचं. स्क्रीनवर तेच काम एक चित्र वाढवून होतं. त्यातून अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कॅमेरा आला की पडदा आलाच. आणि पडदा बसवायचाच आहे, तर बाकीचंही त्यातच टाकू, असा हिशेब झाला.

चालवणाऱ्याच्या सोयीचा विचार या हिशेबात शेवटी आला, हे मी मान्य करतो. आत बसून ते होताना बघितलंय.

मागचीसीट

इथे सगळे धडधाकट हातांच्या हिशेबाने बोलताय म्हणून लिहिते.

मला संधिवात आहे. सकाळी बोटांचे सांधे सुजलेले असतात. आधीच्या गाडीतला तापमानाचा नॉब इतका घट्ट होता की दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवताना कळ यायची. म्हणून मी एसीला हातच लावायचे नाही, थंडी वाजली तरी तशीच बसायचे. आताच्या गाडीत नुसता स्पर्श पुरतो. अक्षरं मोठी करता येतात. आणि 'काच साफ कर' म्हटलं की गाडी करते.

तुम्हाला हाताला काहीतरी लागायला हवंय, मला हाताला काही लागायला नकोय. स्क्रीन काढून टाका असं कोणी म्हटलं की मला ते माझ्या हातातून गाडी काढून घेण्यासारखं वाटतं.

धुकंदिवा

ताई, हे माझ्या डोक्यात अजिबात आलं नव्हतं. स्क्रीन काढावी असं मी म्हणत नाहीये, पण तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या पहिल्या पोस्टमधला तो 'च' जड वाटायला लागलाय. हलकं दाबलं तरी चालणारं मोठं बटण तुम्हाला चालेल का? की तेही नको?

मागचीसीट

मोठं आणि हलकं असेल तर चालेल. पण तसं कोणी बनवतं का?

रात्रपाळी

पोरं मागे भांडत असतील तेव्हा त्या बोलून चालवण्याचा काही उपयोग नाही, हा माझा रोजचा अनुभव. तीनदा ओरडून सांगितलं तरी गाडी भलत्यालाच फोन लावते.

मला कायद्याचा मुद्दा मांडायचाय. जर्मनीत एका टेस्लाचालकाने पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलायला नजर खाली नेली आणि गाडी रस्त्याबाहेर जाऊन झाडांवर आदळली. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये २०० युरो दंड आणि एक महिना वाहनबंदी कायम ठेवली. न्यायालयाचं म्हणणं असं की गाडीतली स्क्रीन हेही फोनसारखंच इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. रस्ता आणि हवामान बघून, ओझरती नजर टाकून होणार असेल तरच वापरा. आता सांगा, वायपर पावसातच लागतात, आणि पावसातच स्क्रीनकडे बघायचं नाही. माणसाने करायचं काय? गाडी बनवणाऱ्याने ते तिथे ठेवलं, दंड भरला चालवणाऱ्याने. मला हे अन्यायाचं वाटतं.

पाचवागिअर

रात्रपाळी, त्या गाडीत स्टीअरिंगजवळच्या दांडीच्या टोकाचं बटण दाबलं की वायपर एकदा फिरतो. वेग बदलायलाच स्क्रीन लागते. तरी वायपरच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे, ते दांडीवरच हवेत. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेच्या २०२६ च्या नियमांतही इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल या पाच गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या असतील तरच सुरक्षेचे पूर्ण तारे, असं ठरलंय. मला ती पाचाची यादी पुरेशी वाटते. पुढे वाढवू नये.

धुकंदिवा

त्या यादीत काचेवरची हवा नाही ना, तिथेच तर माझं अडतंय! वायपर काच बाहेरून पुसतो. आतून धुरकटली तर दिसणं तितकंच बंद होतं.

अर्धाक्लच

मधला रस्ता आहे की. २०१९ च्या माझ्दा ३ मध्ये त्यांनी स्पर्शाचं कामच काढलं. पडदा वर, दूर, नजरेच्या टप्प्यात ठेवला, आणि चालवायला गिअरजवळ एक गोल नॉब. एसीची बटणं वेगळी. बीएमडब्ल्यूने आयड्राइव्हचा नॉब तर २००१ मध्येच आणला होता, तेव्हा लोकांनी त्याला किती नावं ठेवली होती!

पाचवागिअर

असा नॉब मी चार वर्षं वापरलाय. नकाशात पत्ता टाकायला एकेक अक्षर फिरवत बसायचं. यादीत सातव्या ओळीवर जायचं तर सात खटके मोजायचे, मधे एकदा बघायचं, पुढे गेलं की परत मागे. स्पर्शाने तेच एका नजरेत होतं. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि पूर्ण काम बारा सेकंदांत व्हावं. नॉबने पत्ता टाकताना मी हे कधीच पाळू शकलो नाही.

तेलकाट

दोन सेकंदही कमी नाहीत हो. ताशी १०० ला पंचावन्न मीटर होतात.

वायरमन

कंपन्यांनाही हे कळायला लागलंय. फोक्सवॅगनच्या गोल्फ ८ मध्ये तापमानाला आणि आवाजाला स्पर्शाच्या पट्ट्या होत्या, आणि त्यांना रात्री उजेडच नव्हता. २०२४ च्या सुधारित गोल्फमध्ये त्यांना दिवा दिला आणि स्टीअरिंगवर परत खरी बटणं आणली. होंडानेही २०२० च्या जॅझमध्ये तापमानाचा नॉब परत आणला. बनवायला महाग पडतं हे माहीत असून आणला, याचा अर्थ गिऱ्हाइकांनी चांगलंच बोलून दाखवलं असणार.

धुकंदिवा

सगळ्यांना एक विनंती. गाडी उभी असताना, हँडब्रेक लावून, डोळे मिटून पाच गोष्टी करून बघा. वायपर, आवाज, तापमान, चारही इंडिकेटर, काचेवर हवा. किती जमल्या ते प्रामाणिकपणे लिहा.

अर्धाक्लच

पाचही.

मागचीसीट

बोलून चार जमल्या. चारही इंडिकेटर काही बोलून लागेनात, पण त्याचं बटण डॅशबोर्डच्या मधोमध हाताला लागलं. मोठं आहे आणि हलकंही. म्हणजे बनवतात कोणी कोणी.

पाचवागिअर

तीन. वायपर दांडीवर, आवाज स्टीअरिंगवर आणि चारही इंडिकेटर, हे लगेच मिळाले. तापमान हुकलं. काचेवरची हवा चार वेळा हुकली, एकदा तर रिअर कॅमेरा चालू झाला.

मग डोळे उघडून सेटिंग्जमध्ये शिरलो. खालची ओळ आपल्याला हवी तशी लावता येते, हे दोन वर्षांत बघितलंच नव्हतं. काचेचं चित्र ओढून अगदी टोकाच्या कोपऱ्यात ठेवलं. आता स्क्रीनची कड चार बोटांनी खालून धरली की अंगठा बरोबर त्या कोपऱ्यावर येतो. परत डोळे मिटले, पाच वेळा केलं, पाचही वेळा लागलं. स्क्रीनवरही जमतं हे.

धुकंदिवा

कड धरून जमतं, म्हणजे हाताला काहीतरी लागलंच ना!

बरं, ते राहू दे. ती खालची ओळ कुठल्या मेनूत सापडली? माझी गाडी आत्ता दारात उभी आहे, लगेच करून बघतो.

पाचवागिअर

डिस्प्लेमध्ये जा. त्या ओळीवर बोट दाबून धरलं की चित्रं हलायला लागतात. आणि अपडेट आलं की तपासा, जागेवर आहे का ते. मीही तपासणार आहे.