मदत हवी आहे: चंद्रावर संकष्टी कधी सोडायची?

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून हसू येईल, पण मी खरंच अडलोय.

आमचा पाच जणांचा कंपू रविवारी दुपारी पुण्यात जमून 'ट्रॅव्हलर' खेळतो. १९७७ साली अमेरिकेत निघालेला, कागद-पेन्सिल आणि दोन फाशांवर चालणारा अंतराळातला रोलप्लेइंग गेम. एक जण गेम मास्टर, तो जग मांडतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या जगात काय करायचं ते बोलून ठरवतात. आमच्यात मास्तर मी.

नियम ट्रॅव्हलरचे घेतले, जग मात्र घरचं. त्याला कारण झालं एक परदेशी पुस्तक, दुसऱ्याच कुठल्या खेळाचं. त्यात 'भारतीय वसाहत' होती. कॅप्टनचं नाव पटेल सिंग अय्यर. जेवायला तिन्ही त्रिकाळ नान. तलवारी घेऊन फिरणाऱ्या पहारेकऱ्यांना म्हणे 'ब्राह्मिन' म्हणतात. आमची एक खेळाडू हसून हसून खुर्चीवरून पडायचीच बाकी होती. तावातावाने म्हणालो, यापेक्षा मीच लिहितो. लिहिलं. ऐंशी पानी वही भरली.

तर वसाहत अशी. साल २१९०. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाला शॅकलटन विवर आहे, साधारण २१ किलोमीटर रुंद. तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही, काठावरच्या काही उंचवट्यांवर मात्र वर्षातला बराच काळ असतं. माझ्या गोष्टीत काठावर वीज बनते आणि तळात बर्फ खणतात. २०९० च्या सुमारास एका कंपनीने रत्नागिरी-सिंधुदुर्गातून करारावर माणसं नेली. मग कंपनी बुडाली आणि चाळीस वर्षं पृथ्वीशी बोलणंच नाही. वहीत त्याला 'मुका काळ' म्हटलंय. आता तिसरी-चौथी पिढी आहे. शॅकलटनचं तोंडी 'शेकल' झालंय आणि लोक आडनाव लावतात शेकलकर.

कराराची कल्पना मॉरिशसवरून घेतली. तिथे एकोणिसाव्या शतकात करारावर गेलेल्या मजुरांत कोकणातली मराठी माणसंही होती. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाला झाकरी म्हणतात. ते 'झाकरी' वाचून मी फार खूश झालो होतो. वहीत असं काहीतरी आलंय अशी माझी समजूत होती.

गेल्या रविवारी पात्रं एका म्हाताऱ्या आजीकडे माहिती काढायला गेली. मी रंगात येऊन वर्णन करत होतो. छोटी खोली, भिंतीवर मुंबईहून आलेलं कॅलेंडर. आज संकष्टी, आजी सकाळपासून उपाशी. ताटात उकडीचे मोदक, वर तुपाची धार, आणि आजी चंद्रोदयाची वाट बघत बसल्यात.

"मास्तर, चंद्रोदय?"

दोन सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग सगळे तुटून पडले. तूप कुठून आलं, पान १२ वर तर लिहिलंय की वसाहतीत गुरं नाहीत. आजीचा जन्म मुक्या काळातला, मग तिला कॅलेंडर बघायची सवय कुणी लावली? आणि तुझ्या वहीतले सगळे पुजारी जोशीच कसे?

घरी येऊन वही पुन्हा वाचली. मी सदाशिव पेठेला हेल्मेट घालून चंद्रावर बसवली होती, बाकी काही नाही. त्या पटेल सिंग अय्यरला हसायचा मला काय अधिकार?

मूळ ट्रॅव्हलरचं जग पटतं, कारण तिथे एक साधा नियम आहे. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जायच्या एका उडीला साधारण आठवडा लागतो, मग अंतर कितीही असो, आणि बातमी जहाजापेक्षा वेगाने जाऊच शकत नाही. राजधानीतून हुकूम यायला महिनोन्‌महिने लागतात, त्यामुळे सरहद्दीवरचे अधिकारी आपल्या अकलेने वागतात. सरदार-जहागीरदार, टपालाची जहाजं, सगळं त्या एका गोष्टीतून निघतं. त्यांच्या कॅलेंडरला महिनेच नाहीत, दिवसांना १ ते ३६५ आकडे. मला शेकलसाठी असा एखादा नियम हवाय.

तर मदत हवी ती अशी: चंद्रावर तिथी कशी धरायची? चाळीस वर्षं तुटलेली माणसं काय टिकवतील आणि काय विसरतील? आणि जात. ट्रॅव्हलरमध्ये पात्राचे सहा गुण फाशांवर ठरतात, त्यातला एक सामाजिक प्रतिष्ठा. शेकलमध्ये तो आकडा नक्की कशाचा? एक खेळाडू म्हणतो, २१९० मध्ये कुठली आलीय जात, सोडून दे. मला ते पटत नाही, पण काय लिहायचं तेही सुचत नाही.

तुपाचंही बघा जमलं तर.

---

तिथीपाल:

मास्तर, तुमचं कॅलेंडर भिंतीवरून काढा. आजींना ते लागतच नाही.

तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. ती पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतात, सगळीकडे एकाच क्षणी बदलते. गावागावाचा फरक पडतो तो सूर्योदय-चंद्रोदयाने. म्हणून तर कॅलेंडरात संकष्टीला शहरांप्रमाणे वेगवेगळ्या वेळा छापतात. तिथी तुमच्या शेकलमध्येही आहेच, गेलाय तो फक्त चंद्रोदय.

आता मजा बघा. ध्रुवावर सूर्य डोक्यावर येत नाही, क्षितिजालगत गोल फिरतो आणि एक फेरी साधारण २९.५ दिवसांत पुरी करतो. महिन्याच्या तिथी तीस, म्हणजे विवराच्या काठावर तीस खुंट्या रोवल्या की सूर्य कुठल्या खुंटीवर आहे ते बघून ढोबळ तिथी कळते. अख्खं विवरच पंचांग. मुक्या काळात कुणा आजोबांनी ठोकल्या असतील खुंट्या!

आणि चंद्राऐवजी पृथ्वी बघायची. तिच्या कला उलट दिसतात. वद्य चतुर्थीला आपल्याकडे चंद्र जवळजवळ पूर्ण असतो, तेव्हा तिथून पृथ्वीची नाजूक कोर दिसेल, आपल्या शुद्ध चतुर्थीच्या चंद्रासारखी. पण ध्रुवावरून पृथ्वी जेमतेम सात अंश वर येते आणि साधारण २७.२ दिवसांतून एकदाच उगवते. संकष्टी २९.५ दिवसांनी. मेळ बसत नाही, दर महिन्याला दोन-सव्वादोन दिवस सरकतं. म्हणजे जवळजवळ सहा महिने संकष्टीला पृथ्वी दिसेल आणि पुढचे सहा महिने क्षितिजाखाली. दिसती संकष्टी आणि आंधळी संकष्टी. आंधळीला उपास कसा सोडायचा यावर दोन घराण्यांची भांडणं लावून द्या, तीन रविवार सहज निघतील.

ता. क. भाद्रपद चतुर्थीला चंद्र बघितला तर चोरीचा आळ येतो. ही माणसं जन्मभर चंद्रावरच चालतायत. कंपनीने सगळ्यांच्या नावावर बर्फचोरी लिहून ठेवली असेल तर नवल नाही.

---

अष्टागरची:

मुक्या काळासाठी मॉरिशसपेक्षा आमच्या रायगडातले बेने इस्राएल बघा. बाकीच्या ज्यू जगापासून कित्येक शतकं तुटलेले, कोकणात तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवार टिकला, सुंता टिकली, खाण्यातली बंधनं टिकली, 'शेमा' ही प्रार्थना टिकली. जे पोथीवाचून चालत नाही ते बरंचसं गेलं. पुढे कोचीनच्या ज्यूंशी संबंध आला तेव्हा बाकीचं पुन्हा शिकले. आडनावं गावांवरून: किहीमचे केहिमकर, नागावचे नागावकर. तुमचं शेकलकर अगदी बरोबर बसतं.

आणि मलिदा विसरू नका. पोहे, नारळ, साखर, फळं असं ताट आणि नाव एलियाहू पैगंबराचं. ताट कोकणचं, देव त्यांचा. तुमच्या वहीत अशी सरमिसळ कुठेच दिसली नाही. शेकलमध्ये फक्त मराठी माणसंच होती का? त्याच करारावर आलेला वेल्डर कुठला होता, त्याची बायको काय रांधायची?

आजीचे मोदक आजीच्या आईने आठवणीतून केलेले असणार. पाकळ्या किती, ते कुणाला सांगता येणार नाही.

---

तळवाला:

जातीचं थोडक्यात. ती सोडून देऊ नका आणि जशीच्या तशी नेऊही नका. तुमच्याकडे काठावर ऊन आहे आणि तळात काळोख. पहिल्या करारात कोणाला काठावर खोली मिळाली आणि कोणाला तळात उतरवलं? ती यादी करणारा मुकादम कोणत्या गावचा होता? एवढं ठरवा, प्रतिष्ठेचा आकडा आपोआप सापडेल. शंभर वर्षांनी सगळे शेकलकर, आडनावावरून काही कळत नाही, पण लग्न ठरवताना पहिला प्रश्न हाच: "घर उन्हातलं का?"

आणि जोशी पुजारी काढून टाका हो. खुंट्या बघून तिथी सांगणारा कुणीही चालेल. तळातली बाई का नको?

---

धागाकर्ता:

तिघांनाही साष्टांग दंडवत. काल रात्री पान १२ ते ३० फाडून पुन्हा लिहिली. खुंट्या घेतल्या, आंधळी संकष्टी घेतली, "घर उन्हातलं का" तर वहीच्या पहिल्याच पानावर टाकलं. तिथी सांगणारी बाई तळातली असेल आणि काठावरच्यांना ते खुपतं, पण तिच्याशिवाय अडतं.

तुपाचं माझं मीच सोडवलं. हरितगृहात भुईमूग आहे. आजी शेंगदाण्याच्या तेलालाच तूप म्हणते, दुसरं तूप तिने पाहिलेलंच नाही. पात्रं हसली तर ती चिडेल आणि माहिती देणार नाही.

मोदकाचं सारण मात्र अडलंय. माड लावायचे तर फळ धरायला सहा-सात वर्षं आणि डोक्यावर तेवढं उंच छत पाहिजे. कुणाला काही सुचलं तर रविवारी दोनच्या आत सांगा.