आईला सारखी चक्कर आणि मळमळ, नक्की कुणाला दाखवायचं?

नमस्कार मंडळी,
आई 68 वर्षांची, सांगलीला बाबांसोबत असते, मी पुण्यात. गेलं वर्षभर तिला मधूनमधून चक्कर येते म्हणजे अशी की पलंगासकट खोली फिरतेय असं म्हणते आणि मग उलटीची भावना, कधीकधी खरंच उलटी होते आणि पुढचा अर्धा दिवस ती नुसती पडून असते, चहासुद्धा नको म्हणते. बीपीची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरला. एका डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढून स्पॉन्डिलायटिस सांगितलं आणि पट्टा दिला, दुसऱ्यांनी व्हर्टिन आणि स्टेमेटिल या चक्कर-उलटीच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की बरं वाटतं पण महिना दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आईचं स्वतःचं निदान एकच, पित्त. आता ती एकटी बाजारात जायलाही घाबरते. न्यूरो, कान-नाक-घसा की हाडाचे डॉक्टर, सुरुवात कुठून करू? एमआरआय करून टाकू का?
– कृष्णाकाठची

डोंबिवलीकर:
ताई आधी एक विचारतो, चक्कर येते तेव्हा त्या काय करत असतात आणि प्रत्यक्ष गरगरणं किती वेळ टिकतं? नंतरचं मळमळणं धरू नका, फक्त फिरणं. माझ्या वडिलांचं अगदी असंच होतं, मानेचा पट्टा वगैरे सगळं झालं, शेवटी कान-नाक-घसावाल्या बाईंनी हाच प्रश्न विचारला आणि मग कळलं की रात्री कुशीवर वळले की किंवा माळ्यावरचं काही काढायला मान वर केली की एक मिनिटाच्या आत सगळं फिरून थांबतं. त्याला बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात ते जागचे सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात, मग डोकं हललं की ते सरकतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. पोटाचा काही संबंध नसतो, पण उलटी होते म्हणून आपण पित्त म्हणून मोकळे. बाईंनी तिथेच टेबलावर मान एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं (डिक्स-हॉलपाइक म्हणतात त्या तपासणीला), डोळे कसे थरथरतात ते बघितलं आणि लगेच एपली (डोकं ठराविक क्रमाने वळवून ते कण नळीतून बाहेर काढायची पद्धत) करून पाठवलं. गोळी नाही काही नाही. ही एपली काढणाऱ्या अमेरिकन डॉक्टरला म्हणे सुरुवातीला त्याच्याच क्षेत्रातल्या लोकांनी वेड्यात काढलं होतं.

कृष्णाकाठची:
आत्ता आईला फोन करून विचारलं. धुणं दोरीवर टाकताना आणि पहाटे उठताना, असं म्हणाली! आणि उजव्या कुशीवर ती आता झोपतच नाही, हे मला माहीतच नव्हतं. किती वेळ विचारलं तर "मला काय घड्याळ बघायचं सुचतंय का" 😀 बाबा म्हणतात मिनिटभर. यूट्यूबवर एपलीचे व्हिडिओ दिसतायत, घरी करून बघू का?

फिजिओ_मानसी:
फिजिओथेरपिस्ट आहे, वयस्कर पेशंट बरेच बघते. घरी लगेच नको. आधी कुठला कान आणि कुठली नळी ते ठरावं लागतं कारण त्याप्रमाणे पद्धतच बदलते, उजवी बाजू वाटते म्हणून उजवीच असेल असं नाही. शिवाय मानेचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर मान मागे टाकताना जपावं लागतं. पहिल्यांदा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे किंवा चक्करचं काम करणाऱ्या फिजिओकडे करून घ्या, नंतर ते स्वतः शिकवतात. करताना एकदा जोरात गरगरेल, आईंना आधीच सांगा नाहीतर त्या पुन्हा येणार नाहीत. तिथे जायच्या आधी चक्करची गोळी घ्यायची का तेही फोनवर विचारून ठेवा, गोळीमुळे कधीकधी डोळ्यांची थरथर दबते. हे परत उद्भवू शकतं, त्यात घाबरण्यासारखं नाही, पुन्हा एपली करायची. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, कमी असेल तर भरून काढल्यावर परत परत येणं कमी होतं असं दिसलंय.

बाबांना सांगा, पुढच्या वेळी चक्कर आली की आधी आईंना नीट टेकवून बसवा आणि मग मोबाईलवर त्यांच्या डोळ्यांचा व्हिडिओ काढा. डॉक्टरला त्यातून खूप कळतं.

गोदाकाठ:
सगळंच बीपीपीव्ही नसतं हं. माझ्या मावशीला तासनतास फिरायचं, एक कान गच्च व्हायचा, कानात गुंई आवाज आणि हळूहळू ऐकू कमी. ते मेनियर्स निघालं, तो आतल्या कानाचाच दुसरा आजार, त्याची लाईनच वेगळी, मीठ कमी, लोणची पापड बंद, वरचेवर ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी. आणि अर्धशिशी असणाऱ्या बायकांना डोकं न दुखताही चक्करचा अटॅक येतो.
बाकी आई बीपीच्या गोळीवर आहेत ना, मग झोपलेल्या असताना आणि उठून उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी असं बीपी घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरत असेल तर पहाटेची घेरी त्यामुळेही असू शकते, पण त्यात गरगरण्यापेक्षा डोळ्यापुढे अंधारी येते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

फिजिओ_मानसी:
बरोबर. आणि स्टेमेटिल उलटी थांबवायला दोन तीन दिवस ठीक आहे पण वयस्कर माणसाला महिनोन्‌महिने चालू ठेवली तर हात थरथरणं, चाल मंदावणं असं पार्किन्सनसारखं दिसायला लागतं. सिनारिझिन या चक्करच्या गोळीचंही तेच. आमच्याकडे असे पेशंट येतात, घरच्यांना वाटतं वयामुळे झालं. आईंची जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परत परत आणणं चालू असेल तर ते आधी थांबवा आणि डॉक्टरांना विचारा.

डोंबिवलीकर:
एमआरआयचं म्हणाल तर डिक्स-हॉलपाइकमध्ये स्पष्ट दिसलं तर बहुतेक लागत नाही. पण चक्करसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, दोन दोन दिसायला लागलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं किंवा धरूनही उभं राहता येईना तर पित्त म्हणून घरी थांबू नका, सरळ 108 ला फोन. आणि तिथे सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी "सगळं ठीक" म्हणून उठून येऊ नका, मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक सुरुवातीला सीटीत चुकू शकतो. अचानक एका कानाने ऐकू येणं गेलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे आभार. शनिवारी सांगलीला जातेय, कान-नाक-घसाची अपॉइंटमेंट घेतली. तोवर बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला सांगितलाय, रात्रीचा दिवा चालू ठेवा म्हटलंय, आणि धुणं बाबा टाकणार. आईला हे शेवटचं फारसं पटलेलं नाही, कपडे झटकून टाकत नाहीत म्हणते.